तेलाची बाटली रिकामी झाली का?

विचारणा अशी आहे: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माकडतापाविषयी जागृती करणाऱ्या दोन वर्षांच्या एका संशोधन प्रकल्पावर एक ताई काम करतात. पहिलं वर्ष संपत आलंय, निम्मी गावं अजून व्हायची आहेत. निधी देणाऱ्यांनी ‘प्रकल्पाच्या संवादाचा सामाजिक व वैज्ञानिक परिणाम’ असा वेगळा अहवाल मागितला आहे. ताईंच्या हाती आहेत बैठकांच्या हजेरीवह्या, एका चित्रफितीचे व्ह्यूज, मराठी पेपरांतली कात्रणं आणि शोधनिबंधाचा ऑल्टमेट्रिक स्कोअर, म्हणजे बातम्यांत आणि समाजमाध्यमांवर त्याची किती दखल घेतली गेली याचा आकडा. ‘यावरून परिणाम कसा मांडू?’

ताई, यावरून परिणाम मांडता येणार नाही. तुम्ही किती राबलात ते मात्र छान मांडता येईल, आणि ते मांडाच. फक्त त्याला परिणाम म्हणू नका.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही, हात पोळून सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका संस्थेत, नाव नको, माझ्याकडे हेच काम होतं. वर्षातून एक दिवस संस्था लोकांना खुली व्हायची. शाळांच्या बसगाड्या यायच्या, फाटकावर एक पोरगा टिकटिक यंत्र घेऊन माणसं मोजायचा. मधल्या सुट्टीत बाहेरच्या गाड्यावर भजी खाऊन मुलं परत आत आली, की पुन्हा टिक. तो आकडा मी वार्षिक अहवालात ठळक छापायचो आणि दरवर्षी तो वाढायचा. एका वर्षी समितीतल्या एका वयस्क बाईंनी अहवाल मिटून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “बरं, आले. मग?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतरची माझी सगळी नोकरी त्या एका ‘मग’मागे गेली म्हणा ना.

तर आधी कागदावर एवढंच लिहा: आपल्या बोलण्यामुळे कोण, काय, वेगळं करणार? ‘जागरूकता वाढेल’ असं लिहिलंत तर खोडा. जागरूकता डोळ्यांना दिसत नाही.

माकडतापात हे लिहिणं तसं सोपं आहे, कारण रोगाची वाट ठाऊक आहे. १९५७ साली कर्नाटकात शिवमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली आणि तिथे हा विषाणू सापडला. तो पसरतो गोचिडीतून. गोव्यात २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात तो पहिल्यांदा आढळला. गोचिडीची पिल्लं डिसेंबर ते मेच्या सुमाराला जोरात असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत काजूचा हंगाम. बोंडू वेचायला बायाबापड्या पहाटे बागायतीत शिरतात, पाचोळ्यात वाकतात, गोचीड अंगावर चढते. म्हणजे तुम्हाला हवे असलेले बदल तीन: रानात शिरण्याआधी हातापायांना गोचीड दूर ठेवणारं तेल लावणं, ताप आला तर घरगुती काढ्यावर दिवस न घालवता रक्त तपासायला जाणं, आणि मेलेलं माकड दिसलं तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवणं. यांतला एखादा बदल घडला की नाही ते दाखवता आलं, तर तुमचा अहवाल उभा राहिला.

पहिल्यापासून सुरू करू. ‘तुम्ही तेल लावता का?’ असं घरोघर विचारलंत की सगळे हो म्हणणार. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. दारात आलेल्या शिकल्यासवरल्या बाईला नाही कसं म्हणायचं, म्हणून. आम्ही एका दुसऱ्याच विषयावर छापील प्रश्नावली घेऊन हिंडलो होतो, तीत ‘प्रतिबंधात्मक उपाययोजना’ असा शब्द होता. एका आजीने ऐकून घेतलं, हो म्हणाली, आणि आम्ही उठताना हळूच विचारलं, “म्हळ्यार कितें रे पुता?” म्हणजे काय रे बाळा? तिचा ‘हो’ आमच्या तक्त्यात शिरलेलाच होता. तेव्हा कागदावर मराठी असली तरी विचारणारा माणूस त्या वाड्यावरच्या बोलीत विचारणारा हवा. आणि प्रश्नाऐवजी वस्तू पाहता आली तर फार उत्तम. वाटलेल्या बाटलीवर तारीख घाला, तेलाची पातळी आखा, महिन्याभराने पुन्हा जाऊन ‘बाटली दाखवता का?’ म्हणा. बाटली भरलेलीच सापडली तर तुमचं भाषण घरात आलं, बागायतीत गेलं नाही. ती रिकामी असली तरी हुरळून जाऊ नका, ते तेल बैलाच्या अंगालाही गेलेलं असू शकतं. हे मी पाहिलंय. तेव्हा पहाटे दोन-चार बागायतींच्या वाटेवर उभं राहून कुणाचे हातपाय चकाकतात तेही बघा. हसू नका, निरीक्षण ही जुनी आणि स्वस्त पद्धत आहे.

दुसऱ्या बदलाचं मोजमाप मला सगळ्यांत आवडतं, कारण ते कुणी आपल्यासाठी म्हणून लिहिलेलं नसतं. केसपेपरावर दोन तारखा असतात: ताप कधी आला आणि रक्त कधी घेतलं. दोहोंमधलं अंतर काढा. बैठक झालेल्या गावांतून येणाऱ्या माणसांचं अंतर कमी होत गेलं आणि न झालेल्या गावांचं तेवढंच राहिलं, तर तुमच्या हाती हजेरीवहीपेक्षा शंभर पटीने जड पुरावा आहे. नावं लागत नाहीत, गाव आणि दोन तारखा पुरतात. तरीही आचारसमितीची संमती आणि आरोग्य खात्याची परवानगी घ्यायलाच हवी, आणि ती मिळायला वेळ लागतो.

तिसरा बदल फसवा आहे, जरा थांबून बघा. तुम्ही नीट काम केलंत तर मेलेल्या माकडांच्या खबरी वाढणार. नकाशावर लाल ठिपके वाढणार. आणि वरून बघणारा म्हणणार, ‘यांनी एवढा पैसा घालवला आणि रोग वाढला!’ खरं तर आधीही माकडं मरत होती, कुणी सांगत नव्हतं. म्हणून खबरींची नुसती संख्या देऊ नका. माकड किती ताजं असताना खबर आली ते द्या. कुजलेल्या माकडातून प्रयोगशाळेला फारसं काही मिळत नाही, ताज्यातून विषाणू मिळू शकतो. हाच तुमच्या अहवालातला ‘वैज्ञानिक परिणाम’ होऊ शकतो, त्याकडे पुढे येतो.

‘मग रुग्णसंख्याच का न मोजावी?’ असं कुणी तरी विचारीलच. नका मोजू, निदान यश म्हणून तरी. हा रोग एका वर्षी उसळतो, पुढच्या वर्षी आपण काही न करता बसतो. एवढ्या चढउतारात आमच्या बैठकांमुळे रुग्ण घटले असं म्हणणं म्हणजे कोंबडं आरवलं म्हणून उजाडलं म्हणण्यासारखं. आणि पुढच्या हंगामात रुग्ण वाढले की त्याच न्यायाने खापरही तुमच्यावर फुटेल.

आता तुमची निम्मी गावं राहिलीत, ती माझ्या मते तुमची खरी पुंजी आहे. सगळीकडे एकदम जाता येत नाही, क्रम लावावाच लागतो. तो क्रम गाडी कुठे जाते आणि सरपंच कोणाच्या ओळखीचा आहे यावर लावू नका. चिठ्ठ्या टाका. ज्यांची चिठ्ठी आधी निघाली तिथे डिसेंबरात जा, उरलेल्यांत फेब्रुवारीत. मधले दोन महिने ती उरलेली गावं तुमची तुलना होतात, फुकटात, आणि कुणाला वगळल्याचं पापही लागत नाही. सोय बघून निवडलेली गावं आधीच जागरूक असतात, रस्त्यालगतची असतात, दवाखान्याजवळची असतात. मग फरक दिसला तरी तो तुमचा की रस्त्याचा, कसं सांगणार? पहिल्या वर्षी जाऊन आलेल्या गावांबाबत हे आता करता येणार नाही. तिथे जुन्या केसपेपरांतल्या तारखा मिळाल्या तर आधीचं चित्र थोडं उभं राहील, नाहीतर ‘आधीची नोंद नाही’ असं स्पष्ट लिहा. अहवाल वाचणारी माणसं कबुलीला जेवढी वचकतात असं आपल्याला वाटतं, तेवढी वचकत नाहीत.

एक गोष्ट बहुतेक अहवालांतून गळते, ती म्हणजे नको असलेला परिणाम. ‘माकडताप’ हे नावच बघा. रोग वाहते गोचीड, माकड बिचारं आपल्याआधी मरतं. पण नावाने आरोपी ठरलं माकड. तुमच्या बैठकीनंतर गावात माकडांवर दगड-फटाके वाढले का, हे विचारायला हवं. बागायतदारांचा आधीच माकडांवर राग आहे, त्यात आपण शास्त्राचं कोलीत दिलं तर? बैठकीआधी आणि नंतर एक साधा प्रश्न ठेवा: ‘कुळागरात माकडांचा कळप आला तर काय कराल?’ (कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बागायत.) उत्तरं बिघडलेली दिसली तर तेही अहवालात घाला, आणि आधी भाषण बदला.

आता वैज्ञानिक परिणाम. संशोधन लोकांपर्यंत नेल्याने विज्ञानाचं काही भलं होतं का, याचा मला ठाऊक असलेला सगळ्यांत देखणा पुरावा एका संपामुळे मिळाला. १९७८च्या ऑगस्टात न्यूयॉर्क टाइम्सच्या कामगारांनी संप केला, तो सुमारे बारा आठवडे चालला. पेपर लोकांच्या हाती पडत नव्हता, पण दप्तरी नोंद म्हणून अंक जुळवला जात होता. म्हणजे वैद्यकातल्या कुठल्या निबंधाची बातमी करायची ही निवड चालू होती, फक्त बातमी कुणी वाचत नव्हतं. डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये याचा हिशेब मांडला. एरवी टाइम्सने ज्यांची बातमी केली त्या निबंधांना, बातमी न झालेल्या तशाच निबंधांपेक्षा, पहिल्या वर्षी ७२.८ टक्के जास्त संदर्भ, म्हणजे इतरांच्या निबंधांतून उल्लेख, मिळाले होते. संपातल्या, निवड झालेल्या पण वाचकांपर्यंत न पोचलेल्या निबंधांना असा फायदा दिसला नाही. ‘चांगले निबंधच बातमीत येतात, म्हणून त्यांना संदर्भ जास्त’ एवढं एकच कारण असतं, तर संपातही फरक दिसायला हवा होता. परिणाम मोजणं म्हणतात ते हे: बातमी नसती तर काय झालं असतं, ते दाखवणं.

यावरून ट्विट केलं की संदर्भ वाढतात असं मात्र समजू नका. २०२० मध्ये छातीच्या शस्त्रक्रियांवरच्या निबंधांचा प्रयोग झाला, कुठले निबंध ट्विट करायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेला, त्यात वर्षभरात फायदा दिसला. २०२४ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात दुसरा आला, तीन वर्षं वाट पाहून, आणि त्यात संदर्भांत म्हणण्यासारखी वाढ सापडली नाही. म्हणजे प्रश्न अजून मिटलेला नाही आणि तुमच्या एका निबंधावरून तो मिटणारही नाही. नवप्रभा किंवा गोमन्तक या गोव्यातल्या मराठी पेपरांत आलेल्या लेखामुळे बॉस्टनचा कुणी तुमचा संदर्भ देईल ही अपेक्षाच चुकीच्या झाडाला पाणी घालणारी आहे. तुमच्या कामाचा विज्ञानाला होणारा फायदा वेगळ्या दाराने येतो. ताजी माकडं, वेळेवर आलेली रक्ताची नळी, ‘यंदा गोचीड लवकर दिसली’ असं सांगणारा गुराखी. त्या माहितीतून संशोधनाचा पुढचा प्रश्न बदलला का, नमुने घेण्याची जागा बदलली का, ते प्रयोगवहीतून आणि बैठकांच्या इतिवृत्तातून शोधा. अशी एखादी जरी नोंद तारखेसह सापडली तरी ती मला स्कोअरपेक्षा प्यारी.

तो स्कोअर ज्या रंगीत कडीत दाखवतात तिच्याबद्दल, म्हणजे ऑल्टमेट्रिकबद्दल, दोन शब्द. ती लक्ष मोजते, किंमत नाही. लस आणि स्वमग्नता यांचं खोटं नातं जोडणारा १९९८चा लॅन्सेटमधला निबंध आठवा. मुलं अवघी बारा, गाजावाजा जगभर, २०१० मध्ये निबंध मागे घेतला गेला. त्याला संदर्भही भरपूर मिळाले, बहुतेक त्याला खोडून काढणारे. आकड्याच्या पोटात शिरल्याशिवाय आकडा बोलत नाही. शिवाय ही यंत्रणा निबंधाचा दुवा किंवा क्रमांक शोधते, आणि तिचा कान बराचसा इंग्रजीकडे लागलेला. आपल्या मराठी पेपरात ‘दोनापावलाच्या शास्त्रज्ञांना आढळलं’ एवढंच छापून येतं. दुवा नाही, मग मोजणीही नाही. गोव्यातल्या अर्ध्या तालुक्यांत सकाळच्या चहाबरोबर जे वाचलं जातं, ते या हिशेबात जवळपास शून्य. त्यामुळे कात्रणं जपा, पण कात्रणांचीही बेरीज करू नका. त्यांचा उपयोग पुढे आहे.

(जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर या अहवालात घालण्याचा मोह कुणी दाखवलाच तर नम्रपणे नाही म्हणा. नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात ते तो सांगतो; तो नियतकालिकाचा आकडा आहे, तुमच्या निबंधाचा नाही, सत्तरीचा तर मुळीच नाही. संशोधनाचं मोल कसं ठरवावं यावरच्या २०१३च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात हेच सांगितलंय.)

तर कात्रणांचा उपयोग. माझी आवडती पद्धत उलटी आहे. आपल्या भाषणापासून पुढे ‘कुठे पोचलं’ असं शोधत गेलं की वाट रानात हरवते. त्याऐवजी झालेल्या निर्णयापासून मागे या. तिसवाडीतल्या एका खाजन गावात शेतकऱ्यांनी मानशीच्या दुरुस्तीसाठी अर्ज केला होता. खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घालून मिळवलेली जमीन, मानस म्हणजे भरतीचं पाणी अडवणारं दार. त्या अर्जात पाण्याच्या खारेपणाचा एक आकडा होता, आणि तो आम्हीच मोजलेला. मला नवल वाटलं, कारण त्या गावात आम्ही कधी बैठक घेतली नव्हती. चिटणिसाला विचारलं, तो म्हणाला पुतण्याने दिला. पुतण्या म्हणाला कॉलेजच्या सरांनी वर्गात सांगितला. सरांच्या फायलीत एका मराठी पेपराचं पिवळं पडलेलं कात्रण निघालं, आणि तो लेख आमच्याच एका सहकाऱ्याने चतुर्थीच्या सुट्टीत बसून लिहिलेला, ज्याची नोंद आमच्या अहवालात ‘इतर’ या सदरात एका ओळीत होती. फाटकावरची टिकटिक मात्र त्या साखळीत कुठेही नव्हती.

अशा साखळ्या आपल्या मातीला नव्या नाहीत. पणजीतली बाग ज्याच्या नावाची आहे त्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने इथल्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं, तेही पोर्तुगीजमध्ये. युरोपातल्या बहुसंख्य पंडितांनी ते तसं वाचलंच नाही. क्लुसियस या युरोपी वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये अँटवर्पहून त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि ओर्ताची माहिती त्यातून पसरली. नुसती मूळ पुस्तकाची गिऱ्हाईकं मोजली असती तर ओर्ता नापास. आणि ज्या इथल्या वैद्यांकडून त्याने माहिती घेतली, त्यांची नावं बागेला नाहीत.

तेव्हा तुमच्या बाबतीत: पंचायतीच्या ग्रामसभेचा एखादा ठराव, शाळेने सहलीची बदललेली जागा, विधानसभेत विचारलेला प्रश्न, बागायतदाराने मजुरांसाठी स्वतःच्या पैशाने घेतलेलं तेल. अशा चार-पाच गोष्टी निवडा आणि प्रत्येकीमागे जा: ‘हे तुम्हाला कुठून कळलं?’ काही साखळ्या तुमच्यापर्यंत येणार नाहीत, आशा ताईंपर्यंत किंवा सत्तरीतल्या वाळपईच्या डॉक्टरांपर्यंत येऊन थांबतील. त्याही लिहा. श्रेय सगळं आपलं असं कुणी म्हटलं की वाचणारा सावध होतो, वाटा दाखवला की विश्वास बसतो. ‘आरोग्य खातं, आशा आणि आम्ही, आमचा वाटा एवढा, आणि तो असा समजला’ एवढी नम्र ओळ पुरे.

दोन वर्षांत सगळं दिसायला हवं हा आग्रह मात्र निधीवाल्यांशी बोलून सैल करून घ्या. ब्रिटनने २०१४च्या संशोधन मूल्यमापनात पहिल्यांदा परिणामाला २० टक्के गुण दिले, विद्यापीठांकडून परिणामाच्या ६,९७५ कहाण्या आल्या. तिथे २००८ ते २०१३ मधला परिणाम दाखवायचा होता, पण त्यामागचं संशोधन १९९३ पर्यंत मागचं चालत होतं. वीस वर्षांची मुभा! आणि तरी त्या कहाण्या लिहिण्याचा खर्चच साधारण साडेपाच कोटी पौंड झाल्याचा अंदाज निघाला. पुढच्या फेरीत गुण २५ टक्क्यांवर गेले आणि विद्यापीठांतून परिणामाच्या कहाण्या सजवणारे खास लोक नेमले जाऊ लागले. गुण लागले की माणसं गुणांसाठी काम करतात, आपल्याकडेही वेगळं होणार नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये सामाजिक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, प्रत्येक शास्त्रज्ञाने वर्षाला किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत अशी. हेतू चांगलाच आहे. पण दहा दिवस भरले का हे मोजणं सोपं, त्या दिवसांनी काय झालं हे मोजणं अवघड, आणि कार्यालयांचा स्वभाव सोप्याकडे घरंगळण्याचा. एका शाळेत तीन संस्थांची तीन व्याख्यानं एका आठवड्यात झालेली मी पाहिलीत. मुलांना कार्यक्रम पाठ, विषय कुठलाच नाही.

पैशांचं म्हणाल तर उरलेल्या निधीतला दहावा हिस्सा मोजमापासाठी बाजूला काढा आणि त्यातून वाड्यावरचीच दोन मुलं नेमा. पत्रकं थोडी कमी छापलीत तर कुणाचं अडणार नाही.

आज दिवाळी जवळ आली आहे, म्हणजे डिसेंबराला फार दिवस नाहीत. परवानगीचा अर्ज या आठवड्यात टाका, चिठ्ठ्या पुढच्या आठवड्यात, आणि पहिली घरभेट काजूला मोहोर धरण्याआधी. बाटलीवर पातळी आखायला साधी शाई घेऊ नका, तेलाचे हात लागले की पुसून जाते. आमचा एक अख्खा हंगाम त्यात गेला. खिळ्याने ओरखडा काढा.